चिकटपट्टीचा जोड

गाडीवरची ताडपत्री ओढून काढायला हमीदमिस्त्रींना दोनदा हिसका द्यावा लागला. वर्षभरात तिच्या घड्यांत पाणी साठून शेवाळ धरलं होतं. खालची मॉरिस मात्र कालच कुणीतरी धुऊन ठेवावी तशी होती. फक्त नाकापाशी डावीकडचा पिवळा दिवा फुटून वायरीला लोंबत होता, आणि उजवीकडच्याच्या जागी नुसती वाकलेली लोखंडी पट्टी होती.

मुक्ता पायरीवरच उभी राहिली. पुण्याहून ती सकाळच्या गाडीने आली होती. खांद्यावरची शबनमसुद्धा तिने अजून उतरवली नव्हती. पिशवीत बाजारातून आणलेले दोन नवे धुक्याचे दिवे होते, कागदात गुंडाळलेले, पिवळ्या काचेचे.

"ताई, या की जवळ," हमीद म्हणाले. "चावत नाही ती."

"तुम्ही सुरुवात करा, चाचा. मी येते."

गेल्या आषाढात, म्हणजे सदतीस साली, तिचे वडील या गाडीसकट भुशीच्या पुढच्या वळणावर ओढ्यात गेले. महिपतराव ढोरांचे डॉक्टर होते. लोणावळ्यात बंगलेवाल्यांची कुत्री आणि घोडे, आणि उरलेल्या मावळात गाईम्हशी. मॉरिस त्यांनी विलायतेला परत निघालेल्या एका रेल्वेच्या साहेबाकडून घेतली होती. तिच्या मागच्या सीटवर कायम एक घोंगडी, दोरखंड आणि औषधाची पेटी असे, आणि आत बसलं की फिनेल आणि शेण यांचा मिळून एक वास येई. त्या दिवशी कुरवंड्याला एक म्हैस अडली होती. ती मोकळी करून दुपारी चारच्या सुमाराला ते परत निघाले. धुकं इतकं होतं की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. वळणाच्या अलीकडे गाडी डावीकडे सरकली, रस्त्याची ओली कड खचली आणि ती खाली गेली. फार खोल नव्हे, दोन पुरुष उंचीइतकं. पण स्टिअरिंगचा दांडा छातीत बसला.

लोक म्हणाले, धुकंच होतं, कोण काय करणार.

मुक्ताला ते पटेना. कारण त्याच्या आदल्या रविवारी ते पिवळे दिवे तिने स्वतः बसवले होते.

म्हणजे बसवले आबांनी, तिच्या वडिलांनी. पण आबांची बोटं अलीकडे थरथरायला लागली होती, आणि गाडीखाली शिरून वायरींना पीळ देण्याचं काम ती सतरा वर्षांची असल्यापासून तिचंच होतं. बत्तीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवणारी बाई झाली तरी ते काम तिच्याकडेच राहिलं होतं. त्या दिवशी शेवटच्या जोडाला काळी टेप संपली. बाजार बंद. आबा आत चहा घ्यायला गेले होते. मुक्ताने औषधाच्या पेटीतून चिकटपट्टी काढली, बैलाचं शिंग मोडलं की बांधतात ती कापडी, आणि तीन वेढे देऊन जोड बंद केला. कापूस आणि डिंक. पाणी शोषून घ्यायला दुसरं काय हवं? हे तिला त्याच संध्याकाळी पुण्याच्या गाडीत बसल्यावर, तळेगाव मागे पडताना सुचलं. पुढच्या रविवारी बदलू, असं तिने ठरवलं. पुढचा रविवार यायच्या आत गुरुवार आला.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. भाद्रपदात हमीदनी गाडीचा आस सरळ केला, मडगार्ड ठोकलं, इंजिन सुरू करून दाखवलं. तेव्हा तिने पुण्याहून पत्र पाठवलं होतं: दिव्यांना हात लावू नका, ते मी आल्यावर. आणि मग ती आलीच नाही. दिवाळीला आली ती दोन दिवस घरात बसून परत गेली. संक्रांतीला आली नाही. रात्री वाचता वाचता पुस्तक छातीवर पडलं की तिला ती पट्टी दिसायची, भिजून फुगलेली, आणि आत तांब्याच्या दोन तारा एकमेकींपासून सुटलेल्या. दिवा विझायचा. पुढे पांढरं. मग ती उठून बसायची.

आता मात्र टाळायला जागा राहिली नव्हती. वर्षश्राद्ध पाच दिवसांवर आलं होतं, आणि आईने गाडी वडगावच्या नव्या ढोरडॉक्टराला द्यायचं ठरवलं होतं. तो सोमवारी न्यायला येणार होता. त्याच्या आधी तो जोड उघडायलाच हवा होता.

"एवढा खर्च कशाला दिव्यांचा?" तिची आई रतनबाई ओसरीवरून म्हणाल्या. त्या तांदूळ निवडत होत्या. "त्या डॉक्टराला हवे असतील तर तो घालील. हमीदभाऊ, तुम्हीच सांगा. माझ्या फडक्याला काय धाड भरली होती?"

"काही नाही वहिनी. फडकं झकास होतं."

"हळदीत दोनदा बुडवून वाळवायचे मी. मोठ्या दिव्यांवर बांधलं की पिवळा उजेड. आठ पावसाळे काढले त्यांनी त्याच्यावर."

"उजेड कुठला वहिनी? काजव्याला शरम वाटावी इतकाच."

"काजवा तर काजवा. घरी यायचे ना?"

हमीद मान खाली घालून पकड शोधायला लागले. मुक्ता पायरीवरून उतरली. आईचं हे वाक्य तिने वर्षात कितीदा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी आई ते वेगळ्याच कुणाला तरी उद्देशून म्हणायची.

हमीदनी गाडीच्या नाकाखाली पोतं अंथरलं आणि गुडघे टेकले. दाढीची टोकं पांढरी झाली होती, पण हात अजून जवानाचे होते. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंत ज्याची गाडी बिघडे त्याला हमीदमिस्त्री लागे. आबांचं आणि त्यांचं कुळ वेगळं, पण दोघं एका तालमीतले.

"आधी जुनं सगळं काढतो," ते म्हणाले. "ही वायर बघा, रबर कसं चिरलंय. साहेबाच्या वेळचं दिसतंय. नव्या दिव्याला जुनी वायर म्हणजे म्हाताऱ्याला नवी नवरी. बॅटरीपासून नवीन ओढू, मधे फ्यूज टाकू, आणि अर्थिंगची तार थेट सांगाड्याला."

"आणि जोड?"

"जोड आता ठेवायचाच नाही. अखंड वायर." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला जोड बघायचाय."

ते विचारत नव्हते. मुक्ता त्यांच्या शेजारी पोत्यावर बसली. पांढऱ्या लुगड्याला गंजाचा डाग लागला तो तिने पाहिला आणि सोडून दिला.

"चाचा, टेप संपली होती. मी चिकटपट्टी लावली."

"कसली चिकटपट्टी?"

"आबांच्या पेटीतली. शिंगाची."

हमीदनी पकड खाली ठेवली. ओसरीवर सुपातले तांदूळ खाली-वर होत होते.

"वर्षभर हे पोटात घेऊन फिरलात तुम्ही?" ते हळू म्हणाले. "आणि मला पत्र लिहिता, हात लावू नका."

"तुम्ही पाहून मला सांगितलं असतं, मग मला ते ऐकावं लागलं असतं."

त्यांनी मडगार्डच्या आत हात घातला. बोटांनी चाचपत चाचपत त्यांनी जोड बाहेर ओढला, दोन्ही बाजूंनी वीतभर वायर ठेवून कापला आणि तळहातावर ठेवून उजेडात धरला. मुक्ताला पट्टी ओळखू आली. तीन वेढे. पण त्यांच्यावर काहीतरी होतं, पिवळट, चकचकीत, गोठलेल्या तुपासारखं.

"हे मेण तुम्ही लावलंत?"

"नाही."

हमीदनी नखाने खरवडलं. नखात मेण भरलं. खाली कापडाचा पांढरेपणासुद्धा गेला नव्हता. त्यांनी चाकूने पट्टी उभी चिरली. आतलं तांबं नव्या पैशासारखं लाल होतं. पीळ जसा तिने दिला होता तसाच, घट्ट.

"मेणबत्तीचं मेण आहे," हमीद म्हणाले. "वितळवून ओतलंय. चांगलं दोन-तीन थर. कुणी ओतलं असेल?"

सांगायची गरज नव्हती. चहा पिऊन आबा बाहेर आले असतील, तिच्या मागे वाकून जोड पाहिला असेल. तेव्हा बोलले काहीच नाहीत. ती स्टेशनवर गेल्यावर त्या थरथरत्या बोटांत मेणबत्ती धरून ते गाडीखाली शिरले असतील. चुकीचं आहे असं त्यांनी तिला कधीच म्हटलं नव्हतं. लहानपणी तिच्या वहीतलं गणित चुकलं की ते शेजारी बसून तेच गणित स्वतः करायला लागत, जणू त्यांनाच ते येत नाही.

"म्हणजे जोड सुटला नव्हता," मुक्ता म्हणाली.

"जोड नाही सुटला. आता दिवा जळत होता का नव्हता ते बघू."

"ते आता कसं कळणार?"

हमीद पुढे वाकले. फुटका दिवा त्यांनी मांडीवर घेतला, कडी सैल केली आणि होल्डरमधून बल्बचा बुडखा फिरवून काढला. काचेचा एक दातरा काठ तेवढा राहिला होता. तो त्यांनी डोळ्याशी नेला, मग खिशातून आपला चष्मा काढून पुन्हा पाहिला. मग उठून त्यांनी आपल्या पेटीतून दोन जुने बल्ब आणले.

"बघा हं. हा पहिला थंडच आहे." बल्ब फडक्यात धरून त्यांनी हातोडीने टिचकी मारली. काच फुटली. आत तारेचा बारीक झुलता तुकडा तसाच होता, चांदीसारखा. "आता हा."

दुसरा त्यांनी बॅटरीला जोडला. पेटला. दिवसासुद्धा त्याच्याकडे बघवेना. त्यांनी तोंड वळवलं आणि पकडीने काच दाबली. टक्. पांढऱ्या धुराचा एक लहानसा लोट वर आला, अगदी थंडीत माणसाने श्वास सोडावा तेवढा, आणि उजेड गेला. आतली तार गेली होती. काचेच्या बुडख्यावर पिठासारखी पांढरी भुकटी बसली होती.

"जळत्या तारेला वारा लागला की ती क्षणात जळून जाते. राख उरते. विझलेल्या दिव्याला राख नसते." मग त्यांनी आबांच्या दिव्यातला बुडखा तिच्या तळहातावर ठेवला.

त्याच्यावर आतून, दातऱ्या काचेच्या कडेला, वर्षभराच्या दमटपणाने पिवळट पडलेली, पण तीच भुकटी होती.

मुक्ताने मूठ मिटली नाही, काच लागेल म्हणून. ती तशीच उघडा हात मांडीवर घेऊन बसून राहिली. दगडावर आपटेपर्यंत दिवा जळत होता. वर्षभर जी गोष्ट ऐकण्याची तिला भीती होती ती खोटी ठरली होती. मग रडू यायला हवं होतं, किंवा निदान हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला, आणि तो तिने इतके दिवस कधी विचारलाच नव्हता, कारण उत्तर आपल्याजवळ आहे असं ती धरून चालली होती.

दिवे लागले होते, तर आबा डावीकडे का गेले?

दुपार नव्या वायरी ओढण्यात गेली. हमीद आतून वायर सरकवत आणि मुक्ता बाहेरून घेई, जशी आबांबरोबर घ्यायची. बोनेटच्या कडेने, रेडिएटरच्या बाजूने, खाली. पट्ट्या सरळ ठोकून दिवे बसवले. "खाली बघायला लावा त्यांना," हमीद म्हणाले, "वर बघितलं की धुकंच दिसतं." गाडीच्या दाराच्या आतल्या खिशातून स्विचची कळ काढताना त्यांच्या हाताला एक कापड लागलं. हळदीचं फडकं. चार घड्या घालून आबांनी ते तिथेच ठेवलं होतं. हमीद ते घेऊन ओसरीवर गेले. रतनबाईंनी सूप बाजूला ठेवलं, फडकं उलटसुलट करून पाहिलं, आणि आत नेलं.

चारच्या सुमाराला सोपान आला. हा कुरवंड्याचा दूधवाला. आज त्याने धार लवकर काढली होती, म्हणून दूध घालून तो घरी चालला होता. पुन्हा सांजेला बंगल्यांचं दूध घेऊन त्याला यायचंच होतं. आबांना ओढ्यातून वर काढलं ते त्यानेच. गाडीचे दिवे पाहून तो थबकला.

"डाक्टरांचं दिवं पुन्यांदा बसवलं व्हय?"

"बसवले," मुक्ता म्हणाली.

"त्येंना कळलं आसंल." त्याने अगदी सहज सांगितलं, शेजारगावच्या माणसाबद्दल सांगावं तसं. "मला भेटत्यात न्हवं मधनंअधनं."

"कोण भेटतंय रे?" हमीदनी विचारलं.

"डाक्टर. वळनावं. सांजचं धुकं आसलं का. पिवळा दिवा समूरनं येतुया. एकच, दुसरा वढ्यात गेला न्हवं का तवा. आपुन थांबलं का त्योबी थांबतुया. मी म्हनतो, रामराम डाक्टर. आन् कंदील वर करतो. तर त्येबी करत्यात."

"घाबरत नाहीस?" मुक्ताने विचारलं.

"आता त्येंना काय भ्यायचं? माजी म्हस वाचीवली हुती त्येंनी." मग त्याने आवाज खाली आणला. "बाकीची लोकं भ्यात्यात. नथू तर त्या वाटंनं येतच न्हाई. पर मी म्हनतो, मानूस चांगलं हुतं, तर भूतबी चांगलंच आसंल की."

तो गेल्यावर हमीद म्हणाले, "ऐकलंत? मावळात एक माणूस मेला तर चार भुतं उठतात."

पण मुक्ता हसली नाही. तिने हात धुतले, पदर खोचला आणि स्टिअरिंगच्या चाकाशी जाऊन बसली. "चाचा, चला. धुक्याचा दिवा धुक्यातच बघायला हवा, असं तुम्हीच म्हणता."

"आत्ता?"

"सोमवारी गाडी जाणार."

रतनबाई दारात आल्या. नको म्हणतील असं मुक्ताला वाटलं. त्या म्हणाल्या, "ताडपत्री घे मागे. पाऊस आला तर हूड गळतंय." मग थोड्या वेळाने, "कुरवंड्यापर्यंत जाऊन ये. आणि येताना सावकाश."

गाडी चालवायला आबांनीच तिला शिकवलं होतं, वलवणच्या माळावर, लोक हसायचे तेव्हा. घाटात त्यांचा एकच नियम होता: समोरच्याला आधी वाट द्यायची. दोनदा हॉर्न वाजवायचा आणि डावीकडे दबून उभं राहायचं. मागची माणसं चिडत. आबा म्हणत, "आपल्याला कसली घाई? आपला पेशंट तक्रार करत नाही, फार तर लाथ मारतो."

जाताना धुकं विरळ होतं. भुशीच्या धरणावरून पाणी पडल्याचा आवाज येत होता, दिसत नव्हतं. वळण कधी आलं आणि गेलं ते कळलंच नाही. कुरवंड्याच्या वेशीवर गाडी वळवली तेव्हा साडेपाच झाले होते, आणि ढग डोंगरावरून रस्त्यावर उतरले. मुक्ताने नवी कळ ओढली. दोन पिवळे पट्टे जमिनीलगत पसरले. दगड, गवत, चिखलातल्या बैलगाडीच्या चाकोऱ्या एकेक करून समोर येऊ लागल्या.

"वा," हमीद म्हणाले. "डॉक्टरसाहेब खूश झाले असते. फडक्यानंतर हे म्हणजे…"

ते तिथेच थांबले. मुक्तानेही ते पाहिलं.

समोरून गाडी येत होती. दोन पिवळे दिवे, एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर, जमिनीलगत, धुक्यातून हळूहळू मोठे होणारे. आवाज नव्हता. म्हणजे इंजिनाचा आवाज होता, पण तो आपल्याच गाडीचा.

"या धुक्यात कोण?" हमीद पुटपुटले. "ताई, वाट द्या. बाजू द्या त्याला!"

मुक्ताचा अंगठा हॉर्नवर गेला होता. दोनदा वाजला. तिचे हात चाक डावीकडे वळवत होते. तिने सांगितलं नव्हतं, ते आपसूक वळवत होते, पंधरा वर्षांच्या सवयीने. डावं चाक मऊ मातीत गेल्याचं तिला जाणवलं. समोरची गाडीही वळली, त्याच बाजूला, तिची वाट अडवत. मुक्ताने ब्रेकवर सगळा भार टाकला.

समोरची गाडी थांबली.

कुणी उतरलं नाही. पाण्याचा आवाज येत होता, खालून, अगदी जवळून. हमीदच्या ओठांवर काहीतरी होतं, कलमा असावा.

आपुन थांबलं का त्योबी थांबतुया, सोपान म्हणाला होता. मुक्ताने कळ आत ढकलली. दिवे गेले. समोरचेही गेले. पांढऱ्या धुक्याशिवाय काही राहिलं नाही. तिने कळ ओढली. समोर दोन दिवे लागले.

ती उतरली. ती चालत गेली, गाडीच्या उजेडातून त्या उजेडाकडे. वीस पावलं. हात पुढे केला तेव्हा बोटांना थंड काच लागली.

रस्ता तिथे एकदम उजवीकडे वळत होता, आणि वळणाच्या तोंडावर नव्या बंगल्याचा व्हरांडा होता, जमिनीपासून छतापर्यंत काचेचा. मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याने बांधलेला. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात काम पुरं झालं. आबा एकदा म्हणालेही होते की भुशीच्या अंगाला कुणीतरी काचेचं कपाट बांधलंय. पावसाळ्यात तो बंद असायचा, राखणदारसुद्धा नसायचा. काचेत तिला आपली आकृती दिसत होती, काळी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिवळा दिवा.

मागे वळून तिने पाहिलं. मॉरिसचं डावं चाक कडेवर होतं. त्याच्यापुढे हातभर गवत आणि मग काही नाही.

आबांनी समोरच्याला वाट दिली होती.

हमीद शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनीही काचेला हात लावून पाहिला, मग दिव्यांकडे पाहिलं, मग कडेकडे. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"फडक्याचा उजेड इथवर पोचलाच नसता," मुक्ता म्हणाली. "आई म्हणते ते खरं आहे. आणि चाचा, माझा जोड सुटला असता तर…"

"बास."

"सुटला असता तर ते थांबले असते. पायी घरी आले असते."

"ताई, पट्टी तुम्ही लावली, मेण डॉक्टरसाहेबांनी ओतलं, दिवे आणायला मी सांगितलं होतं. पक्का जोड हा गुन्हा असेल तर माझं अख्खं दुकान फासावर जाईल." त्यांनी तोंड वळवून नाक शिंकरलं. "मागे घ्या गाडी आधी. ते चाक तिथे मला बघवत नाही."

तिने गाडी मागे घेतली, मधोमध आणून उभी केली. दिवे तिने बंद केले नाहीत. ते दुसरे दिवे धुक्यात उभे होते, शांत, वाट पाहत असल्यासारखे. आपण हे किती वेळ बघत बसलो हे तिला नंतर सांगता आलं नसतं. त्या दिव्यांच्या मागे कुणी नाही हे आता माहीत होतं. तरी हॉर्नवर अंगठा ठेवून ती बसली, आणि दाबला नाही.

मग ती उतरली आणि मागच्या सीटवरची ताडपत्री ओढली. हमीदनी दोरखंड घेतला. व्हरांड्याच्या वाशाला फास टाकून, कोपरे खांबांना आवळून, दोघांनी ती काचेवर ताणून बांधली. वर्षभर जिने गाडी झाकली होती तिचं शेवाळ दोघांच्या हातांना लागलं.

"मालकाला उद्या पत्र टाकते," ती म्हणाली. "पावसाळाभर हे काढू नका म्हणून."

मागून कंदिलाचा उजेड डुलत आला. सांजेचं दूध घेऊन सोपान येत होता. गाडी पाहून, मग या दोघांना पाहून तो थांबला. नेहमीच्या जागी उभं राहून त्याने समोर पाहिलं आणि कंदील वर केला.

समोर काळं होतं.

त्याने कंदील खाली घेतला. पुन्हा वर केला. मग ताडपत्रीकडे बघत तो बराच वेळ उभा राहिला. त्याला समजलं की नाही हे मुक्ताला कळेना. समजलंच असावं, कारण त्याने विचारलं ते असं:

"म्हंजी आता न्हाई भेटनार व्हय ते?"

"नाही," मुक्ता म्हणाली. आणि एवढ्या एका शब्दानंतर तिला खाली बसावं लागलं, तिथेच, ओल्या रस्त्यावर, गुडघ्यांत डोकं घालून. वर्षात पहिल्यांदा. हमीद पाठ करून उभे राहिले. सोपानने कॅन खाली ठेवला आणि कंदील तिच्याजवळ आणून ठेवला, उजेड हवा असेल म्हणून.

ती उठली तेव्हा अंधारायला लागलं होतं. चाकाशी बसून तिने डोळे पुसले आणि कळ तपासली. दिवे जळत होते. चिखल, चाकोऱ्या, मग काळी ताडपत्री, आणि उजवीकडे वळणारा रस्ता, आता स्वच्छ दिसणारा.

तिने दोनदा हॉर्न वाजवला.

सोपानने कॅन उचलला, कंदील दुसऱ्या हातात घेतला, आणि डोंगराच्या बाजूला दबून उभं राहून तिला वाट दिली.